बेचाळीस फुटी डोलकाठी आडवी करण्याविषयी

मुक्काम रत्नागिरी
ता. १६ माहे मार्च सन १९३१

प्रति,
मेहेरबान तपासनीस साहेब,
उघड्यावरील माल परवाना कचेरी,
रत्नागिरी.

अर्जदार: भिकाजी धाकू मेस्त्री, उमर वर्षे ४६, धंदा डोलकाठ्या, वल्ही व सुकाणू तासून विकणे, राहणार खाडीकडची आळी.

विषय: दुकानासमोर उभी असलेली डोलकाठी परवा बुधवारी आडवी करण्यास, व आडवी झाल्यापासून खाडीवर पोहोचेपर्यंत अर्धा तास उघड्यावर असू देण्यास परवानगी मिळण्याबद्दल.

संदर्भ: आपल्या कचेरीची नोटीस, ता. २ फेब्रुवारी १९३१.

महोदय,

१. अर्जदाराचे दुकान चौदा फूट लांब आहे. अयूब तांडेलांची डोलकाठी बेचाळीस फूट लांब आहे. पुढे जे काही घडले ते या दोन आकड्यांमुळे घडले. त्यात अर्जदाराचा, देवाचा किंवा साहेबांचा वाईट हेतू कोठेही नव्हता, हे अर्जदार आरंभीच नमूद करतो.

२. अयूब तांडेल हे पूर्णगडचे गलबतवाले. त्यांच्या गलबताची जुनी काठी पौष महिन्यात भर वाऱ्यात मोडली. उरलेल्या बुडख्याला फाटके शीड बांधून त्यांनी गलबत कसेबसे भाट्याच्या खाडीत आणले, आणि घरी तोंड दाखवण्याआधी ओल्या कपड्यांनिशी ते अर्जदाराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या बापाला अर्जदाराच्या बापाने काठी दिली होती. अर्जदाराने त्यांना चहा दिला व शब्द दिला. गलबत सध्या चिखलावर टेकवलेले आहे व ते उधाणाच्या भरतीलाच तरंगते. येती अमावास्या गुरुवारी, ता. १९ रोजी आहे. त्या भरतीला काठी गलबतात बसलेली नसेल, तर पुढचे उधाण पौर्णिमेला. तोपर्यंत मंगळूरची कौले दुसऱ्याच्या गलबतात चढतील आणि अयूब तांडेलांचा हंगाम बुडेल. या अर्जात पुढे हसण्यासारखे काही आढळल्यास साहेबांनी खुशाल हसावे, पण हा गुरुवार विसरू नये, एवढीच प्रार्थना आहे.

३. डोलकाठी तासली म्हणजे झाले, असे नसते. तिला महिना-दीड महिना उघड्यावर ठेवून तेल पाजावे लागते, आणि एकाच अंगाला ऊन लागून ती वाकू नये म्हणून रोज कुशीवर वळवावी लागते. अर्जदाराच्या घराण्यात हे काम तीन पिढ्या दुकानासमोर चालले आहे. अशात आपली नोटीस आली, की दुकानासमोर तीन फूट लांब व तीन फूट रुंद याहून जास्त जमीन व्यापणारा माल परवान्याशिवाय ठेवू नये, असल्यास आठ दिवसांत उचलावा. अर्जदार त्याच दिवशी परवान्याचा छापील कागद घेऊन आला. त्यात पोती किती, पिंपे किती, मडकी किती, असे तीन रकाने होते. डोलकाठीला रकाना नव्हता. अर्जदाराने तिन्ही ठिकाणी खरे ते, म्हणजे शून्य, लिहिले. शून्य मालास परवान्याची गरज नाही, असा शेरा मारून कारकून साहेबांनी कागद परत केला. मुदत मात्र चालूच राहिली.

४. तेव्हा हुकमाचा मान राखण्यासाठी अर्जदाराने काठी घरात घेतली. घर दुकानाच्या मागेच आहे. काठी दुकानाच्या दारातून शिरली, माजघरातून व स्वयंपाकघरातून गेली, मागल्या दाराने बाहेर पडली, आणि तरीही तिचा शेंडा शेजारच्या यमुनाबाईंच्या पडवीत सहा फूट निघाला. यमुनाबाई विधवा व शिस्तीच्या बाई आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंड्यावर लुगडे वाळत घातले. तिसऱ्या दिवसापासून अर्जदाराने काठी कुशीवर वळवली, की पलीकडून "मेल्या, माझी धुणी पाडलीस!" अशी हाक येऊ लागली. अर्जदाराच्या घरात पाणी आणणे, वाढणे, निजणे, सगळे काठी ओलांडून होऊ लागले. दोन्ही दारे सोळा दिवस लागली नाहीत. अर्जदाराची बायको मथुरा ही शांत स्वभावाची असून वीस वर्षांच्या संसारात तिने आवाज चढवला नव्हता. सोळाव्या दिवशी तिने ताट काठीवर आपटून विचारले, "ह्या लाकडाला घरजावय करून आणलाव काय?"

५. त्याच दुपारी अर्जदाराने नोटीस पुन्हा वाचली आणि त्याला अतिशय आनंद झाला. नोटिशीत जमीन किती व्यापावी ते सांगितले आहे, आभाळ किती व्यापावे ते सांगितलेले नाही. डोलकाठीचे बूड सव्वा फूट जाड आहे. ती उभी केली तर तीन फुटांच्या चौकोनात आरामात मावते, शिवाय सगळ्या अंगांना सारखे ऊन लागते. इतकी सोपी युक्ती आपल्या तीन पिढ्यांत कोणाला सुचली नाही, असे वाटून अर्जदार अंगणात एकटाच हसला, हे तो कबूल करतो. ता. २७ फेब्रुवारीस दहा खलाशी बोलावून त्याने पाच फूट खड्ड्यात काठी उभी केली, चारी बाजूंनी दोर ताणले, बुडाला तेलात कालवलेला गेरू फासला, आणि शेंड्याला उन्हाने चीर पडू नये म्हणून आंब्याच्या ओल्या डहाळ्या बांधल्या. हे धंद्याच्या रीतीप्रमाणेच केले. फाल्गुन शुद्ध पक्ष चालू आहे, एवढे मात्र त्याच्या ध्यानात राहिले नाही. साहेब घाटावरचे असल्यामुळे येथे खुलासा करणे जरूर आहे, की आमच्याकडे शिमग्याला उंच झाड वाजतगाजत आणून, शेंड्याला हिरवा पाला ठेवून उभे करतात; त्यालाच होळी म्हणतात, आणि ते देवाचे असते.

६. पौर्णिमेच्या दिवशी आळीतली माणसे होळीचे झाड आणायला गेली होती. पुढे महिपत मानकरी होते. ज्या आंब्यावर खूण केली होती त्याच्या मालकीवरून दोन भावांत भांडण लागले, आणि दोघांनी झाड तोडू दिले नाही. ढोल बंद ठेवून, माना खाली घालून शंभर माणसे संध्याकाळी परत आली. आळीच्या तोंडाशी त्यांनी मान वर केली, तो समोर होळी उभी. उंच, सरळसोट, बुडाला लाल, शेंड्याला हिरवी. महिपत मानकऱ्यांनी जागच्या जागी दंडवत घातले आणि ते म्हणाले, "आपल्यानं जमलं नाय, म्हणून देवानं आपली आपण उभी केली." पुढच्या पाच मिनिटांत इतके नारळ फुटले, की अर्जदाराच्या दुकानात पाणी शिरले.

७. अर्जदार ओरडून सांगत होता, की ही होळी नाही, हा माल आहे, अयूब तांडेलांचा माल आहे. ढोलापुढे त्याचे कोणाला ऐकू गेले नाही. तेवढ्यात होम पेटवण्यासाठी गवताचे भारे बुडाशी रचले जात आहेत, हे त्याने पाहिले. दीड महिना तेल प्यालेले लाकूड ते! अर्जदाराने धावत जाऊन काठीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तो मोठमोठ्याने रडू लागला. ते रडणे खरे होते. परंतु लोकांनी त्याच्या अंगात आले असे समजून त्याच्या कपाळाला गुलाल लावला व ते त्याला प्रश्न विचारू लागले. आळीतल्या हौसाबाईंनी हात जोडून विचारले, "चार दिस झाले, माझी शेळी खय गेली ती सांग." अर्जदार "समुद्राकडे न्यायची आहे, समुद्राकडे!" असे काठीविषयी ओरडत होता. हौसाबाई तडक समुद्राकडे गेल्या. शेळी पुळणीच्या वाळूवर उलट्या टाकलेल्या होडीखाली सापडली. त्यानंतर अर्जदाराच्या म्हणण्याला फारच वजन आले, पण जे तो म्हणत होता त्याला नव्हे. होम तेवढा त्याने मिठी न सोडल्यामुळे दहा हात दूर पेटवला गेला, आणि काठी वाचली.

८. आता ती काठी राहिली नाही. बायका सकाळी हळदकुंकू वाहतात. यमुनाबाई, ज्यांनी तिच्यावर लुगडी वाळवली, त्या रोज प्रदक्षिणा घालतात व अर्जदाराला ओळख देत नाहीत. अर्जदाराला तेल लावायला जायचे तर आधी आंघोळ करून जावे लागते. तेल लावले, की पाठीमागून लोक नमस्कार करतात.

९. ता. ९ रोजी साहेब स्वतः पाहणीस आले. सभोवती माणसे अनवाणी उभी होती म्हणून साहेबांनीही बूट काढले, ही आठवण आळीत प्रेमाने सांगितली जाते. साहेबांनी चौकोन मोजला. तो बरोबर भरला. दोरांविषयी विचारले, ते हवेत आहेत व जमीन व्यापत नाहीत, हे दाखवण्यात आले. नंतर साहेबांनी कपाळाचा घाम पुसून अभिप्राय दिला, की ही वस्तू आता मालाच्या सदरात बसत नाही, देवाच्या सदरात बसते, सबब तिला हात लावण्यास देवाची परवानगी घ्यावी. अर्जदाराने हा अभिप्राय शिरसावंद्य मानला.

१०. काल रविवारी देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे चिकटवले. रीत अशी, की विचारावे ते मान्य असेल तर उजवा कळा आधी पडतो, नसेल तर डावा. महिपत मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घातले, "म्हाराजा, ही होळी भिकाजीच्या हातानं खाली घ्यायची काय?" डावा पडला. "मानकऱ्यांच्या हातानं?" डावा. "साऱ्या आळीच्या हातानं?" डावा. अयूब तांडेल देवळाच्या पायरीखाली उभे होते. त्यांचे ओठ कोरडे पडलेले अर्जदाराने पाहिले. आपल्या हुशारीपायी आपण या माणसाचे वर्ष घालवले, असे त्याला वाटले. एवढ्यात महिपत मानकऱ्यांना काय सुचले ते देव जाणे. त्यांनी अर्जदाराकडून साहेबांची नोटीस मागून घेतली, ती देवापुढे धरली आणि विचारले, "ज्या कागदापायी ती उभी ऱ्हायली, त्या कागदावर सही करणाऱ्या सायबाच्या हातानं?" प्रश्न संपण्याच्या आत उजवा कळा पडला. नुसता पडला नाही, उडून नोटिशीवर बसला. देऊळभर टाळ्या वाजल्या.

११. तरी साहेबांनी घाबरू नये. बुधवारी ता. १८ रोजी सकाळी आठ वाजता ढोल साहेबांना बंगल्यावर आणायला येतील. साहेबांनी अनवाणी यावे. नारळ फोडायचा, आणि दोन्ही हात काठीला लावायचे, एवढेच. बोलायचे काही नाही. बोलायचे ते महिपत मानकरी बोलतील. ओझे साहेबांवर मुळीच पडणार नाही. ते अर्जदार, अयूब तांडेल, त्यांचे खलाशी व आळीतली चाळीस माणसे खांद्यावर घेतील, आणि होळी देवाला पोचवावी तशी नाचवत खाडीवर नेतील. काठीवर एवढे नारळ फुटल्याचे अयूब तांडेलांस वाईट वाटते काय, असे अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, "अरे भिकाजी, एवढ्या लोकांची दुवा घेतलेली काठी कोणाच्या गलबताला मिळते? पण ती गलबतावर मिळू दे. रस्त्यात नको."

१२. अडचण एकच उरली आहे. साहेबांचा हात लागून काठी आडवी झाली, की ती त्याच क्षणी देवाच्या सदरातून निघून मालाच्या सदरात येईल, आणि तीन फुटांच्या चौकोनाबाहेर एकोणचाळीस फूट पसरेल. म्हणजे आपल्याच हाताने आपल्या नोटिशीचा भंग साहेबांकडून होईल. तसे होऊ नये, साहेबांच्या नोकरीला बट्टा लागू नये, म्हणून अर्जदार अर्ध्या तासाचा परवाना आगाऊ मागत आहे. सही आजच करून ठेवावी.

१३. साहेबांना येणे जमले नाही, तर अर्जदार तक्रार करणार नाही. काठी आहे तेथे उभी राहील. मानकऱ्यांचे म्हणणे असे, की ज्याच्या हुकमाने होळी उभी झाली तो तिचा मानकरी. तेव्हा दरवर्षी होळी पुरवण्याचा मान यापुढे आपल्या कचेरीकडे वंशपरंपरा चालू राहील, व तसा ठराव तयार आहे. ते सर्व अर्जदार सोसेल. पण गुरुवारी दुपारी भरती वर चढत येईल, गलबत चिखलातून सुटून तरंगायला लागेल, आणि अयूब तांडेल सुकाणूवर हात ठेवून आळीकडे बघत राहतील, हे मात्र त्याच्याने बघवणार नाही. साहेब, या. दोन हात लावा.

कळावे, साहेबांच्या पावलांची वाट पाहणारा,

आपला नम्र,
भिकाजी धाकू मेस्त्री
(सही दस्तुरखुद्द)

सोबत:
१. नोटिशीची अस्सल प्रत, गुलाल लागलेली, कळ्यासह.
२. महिपत मानकरी व आळीतील एक्काहत्तर जणांचे अंगठे.
३. अर्ध्या तासाच्या परवान्याचा मसुदा. पोती, पिंपे व मडकी या रकान्यांत शून्य लिहिले आहे. साहेबांनी तिकडे पाहू नये.
४. नारळ, शेंडीसह, नग एक. बुधवारी येताना साहेबांनी बरोबर आणावा.