शेजारच्या टीव्हीवरच्या मुंग्या

बाबा, परवा रविवारी शेजारच्या काकांकडे चहाला गेले होते आणि बोलता बोलता माझ्या तोंडून ते निघून गेलं. तुम्ही जाईपर्यंत जे तुमच्यापासून लपवलं, ते ज्यांच्याशी तुमचं भांडण झालं होतं त्यांनाच सांगून बसले. घरी आल्यावर वाटलं, हा तर उलटाच न्याय झाला, आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा 'आधी' वगैरे म्हणणं हास्यास्पदच आहे. पण निदान आता तरी तुम्ही माझ्याकडे चष्म्यावरून बघणार नाही, म्हणून धीर करून लिहिते. त्या वर्षी काकांच्या टीव्हीवर ज्या मुंग्या येत होत्या, त्या आपल्या टॉवरमुळेच येत होत्या. आणि टॉवरमुळे म्हणजे खरं तर माझ्यामुळे.

थांबा, लगेच उठू नका. मला आधी टॉवर उभा केला तो दिवस आठवू द्या. तारखात्यातून निवृत्त होऊन तुम्ही धायरीत हे रो-हाउस घेतलंत, ते लोकांना सांगायला मोकळ्या हवेसाठी आणि खरं म्हणजे मागच्या अंगणासाठी. सरकारी क्वार्टरमध्ये गॅलरीच्या गजाला तार बांधून तुम्ही पंधरा वर्षं हॅम रेडिओचा छंद चालवला होतात. परवाना काढायचा, घरात सेट मांडायचा आणि तुमच्यासारखाच सेट मांडून बसलेल्या जगातल्या कुणाशीही बोलायचं. पण गॅलरीतल्या तारेवर आवाज जेमतेम नागपूरपर्यंत पोचायचा. म्हणून घरात पंखे लागायच्या आत अंगणात खड्डा खणला गेला. पायाच्या काँक्रीटला तुम्ही एकवीस दिवस रोज दोन वेळा पाणी घातलंत, आणि आई म्हणाली, माझ्या मोगऱ्याला एवढं पाणी मिळालं असतं तर मी गजऱ्यांचं दुकान काढलं असतं. फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याने दहा-दहा फुटांचे तीन तुकडे टेम्पोतून आणून टाकले. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि केबल तुम्ही बुधवार पेठेतून एकेक दुकान पालथं घालून आणलीत, दुकानदार दमला पण तुम्ही नाही.

मग तो रविवार. तुम्ही कमरेला पट्टा बांधून टॉवरवर, आणि खाली तीन बाजूंना तीन तणावे, म्हणजे टॉवर ताणून धरणाऱ्या तारा, धरून मामा, मी आणि आई. वरून ओरडलं की खालच्यांचा गोंधळ होतो, म्हणून तुमचा नियम: एक शिट्टी म्हणजे ओढा, दोन शिट्ट्या म्हणजे थांबा. आईचा तणावा मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण गॅसवर डाळ-भाताचा कुकर होता आणि तो ती कुणाच्या भरवशावर सोडणार नव्हती. सगळं सुरळीत चाललेलं असताना कुकरने खणखणीत शिट्टी दिली. मामाने इमानेइतबारे तणावा ओढला. तुम्ही तिसाव्या फुटावर टॉवरला मिठी मारून मामाच्या दिशेला झुकलेले मला आत्ताही दिसताय. आई एका हाताने तणावा धरून दुसऱ्या हाताने दारातून आत वाकून गॅस बंद करतेय. टॉवर सरळ झाल्यावर तुम्ही वरूनच शांतपणे म्हणालात, "कुकरकडे परवाना नाही. त्याने मध्ये बोलू नये." मामा पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे जेवायला आला की आधी कुकर झालाय का विचारायचा.

त्या संध्याकाळी तुम्ही सेट लावलात आणि कुणी तरी फिनलंडचा माणूस स्वच्छ ऐकू आला. तुमचा तेव्हाचा चेहरा मी जपून ठेवलाय. तुम्ही मला म्हणाला होतात, "हवेत कोणी आडनाव विचारत नाही. परवान्यावरची कॉलसाइन सांगायची, की झाली ओळख." मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही, मी तेवीस वर्षांची शहाणी होते. सोसायटीत राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी शेजारच्या काकांनी गेटपाशी तुम्हाला आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर 'असं, असं' म्हणून ते जरा जास्तच वेळ फुलझाडांकडे बघत राहिले होते. हे तुम्ही कधी घरात बोलला नाहीत. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की सेटपाशी बसायचात आणि तासभर कॉलसाइन होऊन जायचात. टॉवर तुमच्यासाठी नुसता छंद नव्हता हे मला कळायला स्वतःचे केस पांढरे व्हावे लागले.

काका गणिताचे निवृत्त शिक्षक, नारायण पेठेतून इकडे आलेले, आणि पेठ सोडली तरी जीभ बरोबर घेऊन आलेले. टॉवर बघून त्यांनी विचारलं होतं, यावर काय काय वाळत घालणार? तुम्ही म्हणालात, शेजाऱ्यांचे प्रश्न. इथपर्यंत ठीक चाललं होतं.

टॉवरची देखभाल तुम्ही मला पहिल्या वर्षापासून शिकवलीत. लाइनमनचा जुना चामडी पट्टा खास माझ्या मापाला कापून घेतलात आणि वाढदिवसाला दिलात. मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती. मी ऑफिसात दिवसभर संगणकांच्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करत बसायची, सगळ्या जगाला दोन हजार सालाची धास्ती होती ना, आणि रविवारी टॉवरवर चढून तणाव्यांचे नटबोल्ट तपासायची. एकदा पाना वरच विसरून खाली उतरले, तर तुम्ही जेवायला वाढू दिलं नाहीत. पाना खाली आला तेव्हा ताट वाढलं गेलं. इतकं सगळं शिकवलंत, आणि तरी मी जी चूक केली ती केलीच.

त्या वर्षी दिवाळीआधी टॉवर रंगवायची पाळी होती आणि तुमचा गुडघा धरला होता. मी म्हटलं, मी एकटी रंगवते. रेड ऑक्साइड, वर चंदेरी रंगाचे दोन हात, एकही ओघळ नाही. टॉवरच्या पायाशी जिथे अर्थिंगची तांब्याची पट्टी क्लॅम्पने आवळलेली असते, तिथे मला ते उघडं लोखंड फार ओंगळ दिसलं. क्लॅम्प सोडला, त्याच्या आतलीसुद्धा जागा मन लावून रंगवली, वाळू दिली आणि क्लॅम्प पुन्हा घट्ट बसवला. झालं! लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये रंगाचा पापुद्रा. टॉवरचं आणि सेटचंही अर्थिंग गेलं, जमिनीत जिरायचा तो भटका सिग्नल शेजारच्या तारांत शिरायला मोकळा झाला आणि कुणाला पत्ता नाही. तुम्ही खुर्चीत बसून वरपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, छान, नवरीसारखा दिसतोय. मी आठवडाभर हवेत होते.

तिसऱ्या दिवशी काकांच्या घरी ऐन क्रिकेटच्या सामन्यात पडदाभर मुंग्या आल्या. केबल तेव्हा नवीन, त्याचं कौतुक फार. काकांनी स्वतःच्या गेटवर पाटी लावली: 'शेजारच्या मनोऱ्यामुळे आमच्या टीव्हीवर मुंग्या येतात. मालकांनी बंदोबस्त करावा.' तुम्ही खाली चिठ्ठी डकवलीत: 'मुंग्या साखरेकडे जातात. मनोऱ्यात साखर नाही.' मला हसू आवरेना. पण आठवड्याभरात ते हसण्यावारी राहिलं नाही. काका वहीत वेळा टिपून ठेवायला लागले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन आपल्या दारात आले. तुम्ही उठून उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "माझ्या सेटमुळे तुम्हाला त्रास होतोय हे सिद्ध झालं, तर हा टॉवर मी स्वतःच्या हाताने उतरवीन. पुन्हा चढवणार नाही." सेक्रेटरी म्हणाले, अहो इतकं कशाला. पण बोललात ते बोललात. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तपासणी ठरली. आई त्या रात्री नुसतीच भांडी घासत बसली, कारण तिला माहीत होतं की तुम्ही दिलेला शब्द परत घ्यायची सोय आपल्या घरात नाही.

शनिवारी दुपारी तुम्ही कसला तरी फिल्टर शोधायला बुधवार पेठेत गेलात. मी सहज सेटपाशी बसले, तेव्हा परवाना नसतानाही माइक तोंडाशी धरून बोलायला लागले, तर ओठाला बारीक चटका बसला. तुम्हीही दोन-तीनदा म्हणाला होतात की माइक चावतोय, सेट म्हातारा झाला. मला एकदम तो रंगवलेला क्लॅम्प आठवला. मल्टिमीटर घेऊन अंगणात पळाले. एक टोक पट्टीला, एक टोक टॉवरला. मीटरचा काटा ढिम्म हलेना. माझ्या सुंदर चंदेरी रंगाकडे बघून मला रडूच आलं, खरं सांगते. तुम्हाला सांगावं तर तुम्ही ऐकणार, मान हलवणार, पाना मागणार आणि टॉवर उतरवायला लागणार. त्रास सिद्ध झाला म्हणणार. कुणाच्या चुकीने झाला, याला तुमच्या शब्दात कलमच नव्हतं. मी क्लॅम्प सोडला आणि कानस घेऊन बसले. तासभर घासलं. मग पॉलिश पेपर, मग ग्रीस, मग क्लॅम्प. बाहेरून दिसू नये म्हणून कडेला पुन्हा चंदेरी बोट फिरवलं. तुम्ही आलात तेव्हा मी निमूटपणे वाटाणे सोलत होते. वाटाण्यांना चंदेरी डाग पडले होते, ते आईने बघितले आणि धुऊन टाकले.

रविवारी काकांच्या दिवाणखान्यात अर्धी सोसायटी. तुम्ही आपल्या घरी सेटवर, मी काकांच्या खिडकीत उभी राहून तुम्हाला खूण करतेय. तुम्ही बोललात, मोर्सची टकटक केलीत, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडद्यावर बातम्या देणारी बाई काचेसारखी स्वच्छ. एकही मुंगी नाही. सगळे काकांकडे बघायला लागले. काका वही मिटून म्हणाले, काल दुपारपर्यंत होत्या. कुणी तरी फिसकन हसलं. मग ते उठले, आपल्याकडे आले आणि सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. माफ करा." तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "चूक कुणाचीही होते. बसा, शिरा होतोय." मी माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. काका शिरा खायला बसले ते तुम्ही जाईपर्यंत रोज संध्याकाळी बसत राहिले. साठीत मोर्स शिकले, तुमच्या चुका काढायला लागले. तुम्ही त्यांना मुंगीमास्तर म्हणायचात आणि ते तुम्हाला मनोरेवाले. तुमच्या शोकसभेत ते बोलायला उठले आणि दोन वाक्यांत खाली बसले, इतकं कमी बोलताना त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. टॉवर मी ठेवलाय. परीक्षा देऊन माझा स्वतःचा परवाना घेतला. खराडीच्या ऑफिसातून घरी यायला दीड तास लागतो, तेवढ्या वेळात तुमचा आवाज तीनदा न्यूझीलंडला जाऊन आला असता. पट्टा अजून मापात बसतो, एक भोक पुढे सरकवून.

तर परवा. काका आता सत्त्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, जीभ शाबूत आहे. मी रंगाचं सांगितलं, क्लॅम्पचं सांगितलं, कानशीचं सांगितलं. म्हटलं, तुमचं बरोबर होतं काका, आणि माफी तुम्हाला मागावी लागली. त्यांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "अगं, त्या शनिवारी मी गच्चीवर धोतर वाळत घालत होतो. तासभर तू घासत होतीस ते बघितलं. संध्याकाळी मनोरेवाल्यांची टकटक सुरू झाल्यावर टीव्ही लावला, तर स्वच्छ. दोन आणि दोन चार मलाही करता येतात." मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत? ते माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं बघत म्हणाले, "मला मुंग्या घालवायच्या होत्या. मनोरा नाही."

घरी येऊन मी अंगणात टॉवरपाशी बसले. आईला माहीत होतं, काकांना माहीत होतं, मला माहीत होतं. तिघांनी मिळून तुम्हाला तुमच्या शब्दापासून वाचवलं आणि तिघांनी एकमेकांनाही सांगितलं नाही. एवढा खरा माणूस होतात तुम्ही, आणि तुमचा टॉवर उभा राहिला तो आमच्या गप्प बसण्यावर. मला याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. हसू येतं आणि डोळे भरतात.

हे पत्र मी टॉवरच्या देखभालीच्या वहीत घडी घालून ठेवते आहे, पाठवायचा पत्ता नाही हे बरंच आहे. कारण तुम्ही असतात तर हे वाचून, गुडघा धरत का होईना, पाना घेऊन वर चढला असतात. म्हणून तुम्ही असतात ना बाबा, तर मी आजही वाटाणेच सोलत बसले असते.