कीबोर्ड सापडत नाही

तीर्थरूप वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्या.) दादाचा खोकला काय म्हणतो? तुमची दाढ काढली की अजून डॉक्टरांना फसवताय? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे गेल्या बुधवारी दुपारपर्यंत होतं. बुधवारी आमच्या कॉम्प्युटरचे हातपाय गेले.

हिचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची जी सूची असते, ती ही करून देते. सध्या ढगांवरचं पुस्तक होतं, त्यामुळे दोन महिने आमचं घर जमिनीपासून थोडं वरच तरंगत होतं. मी चहाचं विचारलं की ही खिडकीबाहेर बघत म्हणायची, "विरळ, पिसासारखे, पान एकशे बारा." मग मीही चहा विसरून बाहेर बघत बसायचो. पाणीखात्यात बत्तीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले, पण पाणी वरही असतं हे निवृत्त झाल्यावरच ध्यानात आलं. (घरात माणूस करतो तरी काय, असं दादा विचारतो ना, त्याला हे सांगा.)

तर ही सूची बुधवारी चारपर्यंत छापखान्याकडे जायची होती, कॅलेंडरवर तसं लाल शाईनं लिहिलेलंच होतं. जेवण झाल्यावर ही कॉम्प्युटरपुढे बसली आणि जरा वेळानं म्हणाली, "अहो, हे बंद पडलंय." वहिनी, निवृत्त होऊन आठ महिने झाले, पण एवढ्या काळात कशाहीसाठी मला कुणी अशी हाक मारली नव्हती. मी चष्मा पुसला आणि बाह्या वर केल्या.

पडदा उजळत होता, आतला पंखाही घरघरत होता. पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कळ दाबा. (आमच्या साहेबांची पत्रं थेट अशीच असायची.) मी एकूण एक कळ दाबली. माउस फिरवला, उलटा केला, तर त्याच्या पोटातला लाल दिवा विझलेला. तारा काढून मागच्या सगळ्या भोकांत एकेक करून घालून पाहिल्या. ढिम्म. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, विजेची तार काढा आणि चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा."

त्यासाठी मी टेबलाखाली आडवा झालो. बॅटरीचा उजेड धरायला हीसुद्धा आत आली. (दोघं तिथे कसे मावलो ते विचारू नका.) मी मोजू लागलो. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप फरशीवर पडली होती, तिच्यात धूळ इतकी सावकाश चालली होती की अकरानंतर मला आकडाच आठवेना. पुन्हा एकपासून सुरुवात केली. टेबलाच्या पोटावर सुतारानं पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, "डावा पाय बारीक." चोवीस वर्षं आम्ही त्या टेबलावर जेवलो आणि लिहिलं, पण हे वाचलं नव्हतं.

ही हळूच म्हणाली, "कामावर असताना दुपारी काय करायचात हो?"

"नळ कुठून कुठे जातो ते बघायचो."

"आणि आता?"

"आता तू कुठून कुठे जातेस ते बघतो."

तिच्या हातातला उजेड हलला. हसत असावी. बटण माझ्या बोटाखाली केव्हाचं दाबलेलं होतं आणि तीस सेकंदांची बहुधा दहा मिनिटं झाली होती.

उपयोग शून्य. पुन्हा फोन. मागे गोल, जांभळं भोक आहे का, म्हणाला. होतं! त्यात बसणारा जुना कीबोर्डही होता, गॅलरीत, कुंडीखाली. माती झटकून जोडला, तर पडदा लगेच पुढे सरकला, जणू त्याला ओळखीचं कुणी भेटलं. दुरुस्तीवाल्यानं फोनवरून वाट दाखवत मला सेटिंगच्या निळ्या पानावर नेलं. तिथे नव्या तारांची सगळी दारं "बंद" अशी मांडलेली होती. बाणांच्या कळांनी ती "चालू" केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि माउसच्या पोटात लाल दिवा लागला! मी ओरडलोच. पावणेचार वाजले होते. हिला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला गेलो. परत येऊन विचारलं, सूची गेली? "गेली हो," म्हणाली, आणि माझ्या केसांतलं जाळं काढलं.

असो. दादाला काढा वेळेवर द्या आणि नमस्कार सांगा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. वहिनी, पत्राचं खरं कारण पुढेच आहे. ती दारं मंगळवारी मीच बंद केली होती. कॉम्प्युटर झटपट चालू व्हावा म्हणून वापरात नसलेलं सगळं बंद करा, असं एका मासिकात वाचलं होतं. कशाचं काय ते न कळताच केलं, आणि निळं पान दिसल्यावर घाम फुटला. हिला पत्ता नाही. तेव्हा एक उपकार करा. फोन करून सहज म्हणा, की आमचाही कॉम्प्युटर परवा आपोआपच असा बंद पडला होता.

ता. क. दुसरा, जाऊबाई, हे अक्षर माझं आहे. पाकीट मी चिकटवते आहे. निळ्या पानावर मंगळवारी काय चाललं होतं ते मी दारातून पाहिलं होतं. सूची मी सोमवारीच पाठवली. बुधवारी मला कॉम्प्युटरवर फक्त पत्ते खेळायचे होते, पण यांनी बाह्या वर केल्यावर सांगवेना. फोन जरूर करा आणि ते सांगतात तसंच म्हणा, मी चकित होईन. आणि आणखी काय काय आपोआप बंद पडू शकतं, तेही जरा सुचवा. गुडघे दुखतात, पण टेबलाखाली बरं वाटतं.