थंडीत तपासलेला वेग

नंदुरबार,
१७ मे

प्रिय संध्या,

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. दोन ओळींच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळी होणारी बाई पोस्टाचं पाकीट आणते, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखशीलच. परवा फोनवर तू विचारलंस, आईच्या व्हिडिओचं कुठवर आलं? मी म्हटलं, काम चालू आहे. तू म्हणालीस, कच्चाच पाठव, आणि एवढं तरी सांग, ती माझ्याबद्दल काही बोलली का? मी म्हटलं, सगळं व्हिडिओत आहे, आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला. दुकानात कुणीही नव्हतं.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करते. कंटाळू नकोस, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्हा नवरा-बायकोत हेमकांत शूटिंग करतात आणि एडिटिंग माझ्याकडे. लग्नसराईत तीन-तीन लग्नं साचतात आणि आमचं मशीन बैलगाडीसारखं चालायचं. नवं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलेलं. म्हणून जानेवारीत मी आहे त्याच प्रोसेसरचा वेग वाढवायचं मनावर घेतलं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हेमकांत म्हणाले, जळेल. मी म्हटलं, जळू नये म्हणून तर नीट शिकून करते. तुला माहितीये, मला कुणी नको म्हटलं की माझ्या अंगात येतं.

आणि खरंच नीट केलं गं. सुरतेहून मोठा पंखा मागवला. कॅबिनेट उघडलं तर आतली जाळी लालभडक! मार्केटकडच्या रस्त्याला दुकान, शेजारच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातलेल्या, ती भुकटी वर्षभर आत जात होती. साफ करताना शिंकून शिंकून जीव गेला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी जुनी सुकलेली पेस्ट पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली. मग रोज सकाळी सहाला दुकान उघडायचं, वेग एकच पायरी वाढवायचा, मशीनला तासभर राबवणारी चाचणी लावायची आणि तापमान वहीत लिहायचं. व्होल्टेजला हात लावायचा नाही. सकाळी अशासाठी की गिऱ्हाईक नसतं आणि शेतातले पंप सुरू व्हायच्या आत लाईट नीट असते. मी शाल पांघरून, हातात चहा घेऊन बसायची. पाचव्या पायरीपर्यंत सगळं सुरळीत, सहाव्याला मशीन थिजलं. शहाण्यासारखी मी पाचवीवर परत आले. अडीच तासांचं काम पावणेदोनवर आलं. आठवडाभर मी जमिनीवर नव्हते, हेमकांतना दिवसातून दोनदा ऐकवायची.

आता माझा शहाणपणा ऐक. ते एवढंच म्हणाले होते की ऊन तापलं की परत एकदा तपास. मी हसण्यावारी नेलं. फेब्रुवारीच्या शेवटी भर दुपारी मशीन दोनदा आपोआप बंद होऊन चालू झालं. आपल्याकडे काहीही बिघडलं की आधी लाईटवर ढकलायचं, ही लहानपणापासूनची सवय. मीही वीज मंडळाला दोन शिव्या दिल्या आणि कामाला लागले. पत्र्याखालच्या त्या खोलीत जानेवारीची पहाट आणि मार्चची दुपार यांत केवढं अंतर आहे, हे मला, इथंच जन्मलेल्या मुलीला, सुचू नये!

त्यानंतर होळी आली. तुझं म्हणणं होतं, दवाखान्याच्या ड्यूटीपायी सलग तीन वर्षं होळीला आले नाही म्हणून आई माझ्याशी बोलत नाही, फोन माझ्या भावाकडे, दिनेशकडे देते, निदान तुझ्या कॅमेऱ्यासमोर बोलते का बघ. आम्ही काठी गावची होळी शूट करायला निघालो, त्याआधी दुपारी मी एकटीच तुमच्या घरी गेले. दिनेश मोलगीला गेला होता. तुझ्या आईने, भुरीबाईंनी, मला ओळखलं आणि आधी विचारलं, वसतिगृहात पाठवलेल्या आमचुराची पिशवी तूच संपवायचीस ना? (खरं आहे. तू गणितं सोडवायचीस तेव्हा मी चोरून खायचे.) तुझं नाव काढल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. मी चूल बघितली, कोंबड्या बघितल्या, आणि तासाभराने त्याच म्हणाल्या, लाव तुझं यंत्र. केस विंचरले, पदर सारखा केला, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ दिसली म्हणून ती स्वतःच पदराने पुसली. अडीच-तीन मिनिटं बोलल्या. मग मला दम भरला, तू तिला काही सांगायचं नाही, ती माझ्या तोंडूनच ऐकेल. म्हणून मी तेव्हा गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. लगेच पुढच्या सकाळी हेमकांतना विसरवाडीच्या लग्नाला निघायचं होतं. आमच्या धंद्यात कार्ड रिकामं करूनच पुढच्या लग्नाला द्यायचं असतं. मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं, कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं, होळीच्या नाचाची एक फाईल उघडून पाहिली, ती छान चालली, आणि कार्ड पुसून टाकलं. भुरीबाईंची फाईल सगळ्यात पहिली होती, ती तपासलीच नाही. ती मी उघडली आठ दिवसांनी. पडद्यावर हिरवे चौकोन, एक खरखर, आणि संपलं. कार्डावर तोवर विसरवाडीची हळद भरलेली. डिस्क सुरतेला पाठवली, तिथला माणूस म्हणाला, बाई, हे मागाहून बिघडलेलं नाही, लिहितानाच चुकीचं लिहिलं गेलंय. मी ऊन असताना चाचणी लावून बघितली. वीस मिनिटांत चुकांची रांग लागली. त्याच दिवशी वेग होता तिथे आणून ठेवला.

तेव्हा भुरीबाई धडधाकट होत्या. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊन परत शूट करते, संध्याला कळायचंही नाही. तो रविवार एका साखरपुड्यात गेला, त्यापुढचा दुसऱ्या लग्नात. आणि मग दिनेशचा फोन आला, आई गेली. तू आलीस, अंगणात माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, बरं झालं तू तिला शूट करून ठेवलंस. संध्या, त्या क्षणी सांगायला हवं होतं. त्यानंतर दर रविवारी तू विचारत गेलीस आणि मी रंग दुरुस्त करतेय, आवाज साफ करतेय, अशा थापा मारत गेले.

व्हिडिओ नाही, संध्या. कधीच येणार नाही, माझ्यामुळे. पण हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. त्या काय बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते फोनवर सांगायला मी कितीदा तोंड उघडलं. पण दीड महिना खोटं बोललेली मैत्रीण एकाएकी म्हणाली असती की आईने तुला माफ केलं होतं, तर तुला वाटलं असतं, ही माझी समजूत घालतेय. साक्षीला दिनेशही नव्हता. म्हणून आधी माझं सगळं पाप क्रमाने लिहिलं, काही लपवलं नाही, की निदान पुढच्या चार ओळी तुला खऱ्या वाटाव्यात. माझ्याशी त्या बाजारातल्या अहिराणीत बोलायच्या, कॅमेऱ्यासमोरही तशाच बोलल्या, तू घरची पावरी बोली विसरली असशील असं म्हणत. म्हणाल्या, "संध्या, मन्हा राग उतरी गया. होळीले नही उनी तरी चालस. तू तठे लोकेसना जीव वाचाडस, मी आठे सगळासले सांगस." मग हसल्या आणि म्हणाल्या, "फोनवर बोलाले माले लाज वाटस, इतला दिन रुसी बठनू ना." माझ्यावर आयुष्यभर विश्वास ठेवू नकोस, बोलूही नकोस. फक्त एवढं एक खरं मान.

तुझ्याशी खोटं बोललेली, तरी तुझीच,
स्वप्नाली