कड्यांखालचे घर

रविवार, सायंकाळ

निर्ण्याला, आपल्या गावी परत येते, हे आज अप्पांना सांगणारच होते. परदेशी, या बास्क प्रदेशात शिकायला येऊन महिना झाला, तरी एकाही घरात पाऊल टाकले नव्हते. दार ठोठावले तरी कुठे मी?

आज डोंगरातील जुन्या गावी एका आजींनी खुणेनेच आत बोलावले. दारावरील दगडात घराचे नाव कोरलेले, मागे धुक्यात शिरलेले हिरवे कडे. केवढी ती उंची! सवयीने मी बूट बाहेर काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळी नेला. आजी थबकल्या. चुकले का काही? मग त्यांनीही स्वतःचे बूट काढून माझ्या बुटांशेजारी ठेवले. आणि वर ते कडे...

फोनवर अप्पांना डोंगर दाखवला.

“पिकतं काय गं तिथं?”

“गवत.”

“आन् मान्सं काय खातेत?”

“अप्पा, मला हितंच ऱ्हावं वाटायलंय.”

“मग ऱ्हा की. रडायलीस कामून?”