साडूला पाण्यात पाहताना

४ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. साडूला पाणी कसं पाजलं याची रीतसर नोंद राहायला हवी. मोबाइलवर नगरं वसवायचा गेम आहे. एक नकाशा, दोन राजे, रोज एकेक चाल. एक राजा मी, दुसरा बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नगराला पाणी मिळालं तर वस्ती वाढते, नाही मिळालं तर माणसं शेजारच्या राज्यात निघून जातात. साडूचं शिलाईचं दुकान आहे. मी अठरा वर्षं पाणीपुरवठा खात्यात. सामना एकतर्फी होणार. बिचाऱ्याची आत्ताच दया येतेय.

४ मार्च, दुपारी. ऑफिस.
राजधानी वसवली. सगळ्यात उंच डोंगराच्या माथ्यावर. पाण्याची टाकी उंचावर असते हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे. राजधानीचं नाव ठेवलं 'सौ'. घरी कळलं की खूश होईल. साडूने खाली नदीकाठी चिखलात गाव वसवलं. कापडातलं कळतं त्याला, पाण्यातलं नाही.

७ मार्च
सौची वस्ती ३. साडूची ९. गेम म्हणतो, 'सौला पाणी नाही.' गेम बनवणाऱ्यांचा अभ्यास कच्चा आहे. त्यांना विषय-संदर्भ घालून पत्र पाठवलं. पोच नाही.

९ मार्च, सकाळी ८
बायको म्हणाली, बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार येतेय, काहीतरी करा. तिला पुन्हा समजावलं. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मी मुद्दाम निवडला. गच्चीवरची टाकी थेट आपल्या डोक्यावर. पाणी आधी आपल्याला, मग खालच्यांना. ती म्हणाली, खालच्यांकडे शॉवर चालतो. खालच्यांचा विषय वेगळा आहे.

१२ मार्च
आणखी दोन नगरं. दोन्ही डोंगरावर. थोरली टाकी, धाकटी टाकी. वस्ती एकेक. साडू २१ वर. शिवाय त्याने चौकात कारंजं बांधलंय. कारंजं! पाणी उडवून दाखवतोय मला. मी जळत वगैरे नाही. जेवण मात्र गेलं नाही.

१३ मार्च
ऑफिसातल्या इंजिनिअर मॅडमना 'एका मित्राची अडचण' म्हणून सहज विचारलं. त्या म्हणाल्या, टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर प्रेशर सगळ्यात कमी. उंचीचा फरकच नाही ना. आणि डोंगरावर गाव वसवलं तरी तिथे पाणी चढवणार कोण? मॅडम नवीन आहेत. जेमतेम दोन वर्षं झाली. मी आवक-जावकच्या टेबलावर अठरा वर्षं पाण्याचीच पत्रं हाताळतोय.

१५ मार्च, संध्याकाळी
साडूचा फोन. म्हणाला, माझ्या नदीवरून कालवा काढून घ्या, मी हद्दीतून वाट देतो. म्हणजे मी त्याच्याकडे हात पसरायचे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, आमचं नियोजन सुरू आहे. फोन ठेवल्यावर त्याच्या चार खोडी काढल्या. आवाज, चालणं, शर्टाची कॉलर.
बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही दाजींना पाण्यात पाहता. निदान त्यासाठी तरी नळाला पाणी आणा."
उद्यापासून बोलणं कमी करायचं.

१८ मार्च, सकाळी ७.४०
स्क्रीनवर निरोप: 'सौ आता शेजारच्या राज्यात सुखात आहे.'
गेली ती गेली. 'सुखात' लिहायची काही गरज नव्हती.

१८ मार्च, दुपारी ३
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: कौटुंबिक. घरी आलो तर दाराला कुलूप. फ्रिजवर चिठ्ठी. 'ताईकडे जातेय. चार दिवस शॉवरखाली आंघोळ करणार आहे. भाजी करून ठेवलीय.'
ताईकडे म्हणजे साडूकडे. दोन्ही सौ एकाच दिवशी. यात साडूचा हात असणार.

२० मार्च
न्यायला जायचं नाही असं ठरवलंय. आपण होऊन येईल.
बादली भरायला बावीस मिनिटं लागतात. पहिल्यांदाच मोजली. आजवर ती भरलेलीच असायची.

२२ मार्च, रविवार
साडूकडे गेलो. फक्त सौ परत मागायला. गेममधली. साडू म्हणाला, घ्या की, पण पुन्हा डोंगरावरच ठेवणार का? तेवढ्यात बायको केस पुसत बाहेर आली. इतकी ताजीतवानी मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. आणि हे साडूच्या घरी. कारंज्याने दुखलं नव्हतं एवढं पोटात दुखलं. विचारलं, कधी येतेस?
ती म्हणाली, "सोळा वर्षं तुमची बादली भरतेय. तुझी कोण भरतं, असं एकदा तरी विचारलंत?"
आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. साडू खाली मान घालून शर्टाला बटण लावत बसला. मग उठून त्याने माझ्या हातात टॉवेल दिला. म्हणाला, आंघोळ करून घ्या, बरं वाटेल.
नाही म्हणणार होतो. पाऊण तास शॉवरखाली उभा होतो. पाणी पाठीवर सपासप आदळत होतं. डोळे चुरचुरले. साबण गेला असावा. साबण लावला नव्हता.
बाहेर आल्यावर साडूने विचारलं, पाणी कसं होतं? म्हटलं, ठीक आहे, प्रेशर जरा कमी वाटलं.

२३ मार्च, सकाळी ६.५०
मुक्काम साडूकडेच. बायको म्हणते, नळाचं काम झाल्याशिवाय घरी जायचं नाही. प्लंबर साडूच्या ओळखीचा. तो शनिवारी येणार.
वस्ती: साडूकडे ४, आमच्याकडे ०.
बाथरूमसाठी माझा नंबर चौथा.