घरातली दुसरी गथोनी

प्रिय गथोनी,

खुशाली नंतर सांगतो, आधी बातमी ऐक. आपल्याकडे ससे आहेत! गोठ्यामागे, अवोकाडोच्या झाडाखाली, मी माझ्या हातांनी बांधलेल्या घरात. ज्या माणसाला सरळ खिळा ठोकता येत नाही म्हणून तुझी आई आयुष्यभर हसली, त्याने सबंध घर उभं केलं आणि ते अजून पडलेलं नाही. सकाळी प्रार्थना झाली की मी आधी तिकडे जातो, चहा त्यानंतर. तुझी आई म्हणते, पन्नाशीला आलेल्या माणसाला शोभतं का हे. मला तरी शोभतंय असं वाटतं. शेजारच्या करीथीची पुतणी वामुयु तुमच्या त्या वाळूच्या देशात कामाला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर इतकं सगळं सांगता येत नाही. आपण बोलायला लागलो की तुझी मालकीण हाक मारते.

ससे का आणले, ते तुला वेगळं सांगायला नको. रविवारी तुझा फोन वाजला की तुझी लेक न्योकाबी चहाच्या मळ्यात पळते. तू विचारतेस, कुठे आहे ती, आणि आम्ही म्हणतो, शेजारी गेलीय. तू ‘बरं’ म्हणतेस. त्या ‘बरं’वरून कळतं की तुला सगळं ठाऊक आहे. बाकी तिचं छान चाललंय. जेवते, शाळेत जाते, आजीच्या मागे मागे फिरते. फक्त तुझं नाव निघालं की तिचं तोंड बंद होतं. मी रागावलो नाही, समजूतही घातली नाही. सात वर्षांच्या मुलीला कोणते शब्द समजावतील, तेच मला सुचत नव्हतं. देवापुढे गुडघे टेकून तेवढंच मागत होतो, हिचं मन तुझ्याकडे वळू दे, ते कायमचं तुटू देऊ नकोस.

मग एकदा करीथीकडे कोयता मागायला गेलो तेव्हा ती बरोबर होती. त्याच्या सशांसमोर उकिडवी बसली ती उठेचना. अंधार पडायला लागला तेव्हा करीथी म्हणाला, “मुरागे, हिला घेऊन जा बाबा, नाहीतर उद्यापासून हिलाही गवत टाकावं लागेल.” ती हसली. किती दिवसांनी हसली, गथोनी! मी तिथेच ठरवलं, एक नर आणि एक मादी आणायची.

घर जमिनीपासून कमरेइतकं उंच आहे. मागची बाजू फळ्यांची, कारण डोंगरावरून येणारा गार वारा तिकडून लागतो. पुढे जाळी. खाली फटी ठेवलेल्या पट्ट्यांची जमीन, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि तुझ्या आईच्या भाजीला खत मिळतं. पत्रा दुपारी तापतो म्हणून त्यावर गवत शाकारलं. तेव्हा आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माणसांचं एक छप्पर गळतंय, आणि सशांना दोन दोन!” खांबांचे पाय जळक्या तेलाच्या डब्यांत उभे केलेत. सियाफू मुंग्यांची रांग एकदा वर चढली की सकाळी तिथे फक्त हाडं सापडतात, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी आपल्या कोंबडीची पिल्लं गेली तशीच. त्यामुळे रोज संध्याकाळी मी डबे बघतो, तेलात पालापाचोळा पडून पूल झालेला नाही ना म्हणून.

चुकाही केल्या. पहिल्याच दिवशी लाडाने दवाने भिजलेला कोबी घातला, आणि मादीचं पोट फुगलं. करीथी कुंपणावरून ओरडला, “ससा पाळतोयस का फुगा?” आता रताळ्याचे वेल एक दिवस उन्हात सुकवून देतो, आणि वाळलं गवत तर सतत समोर हवंच. दिवसा त्यांना बिनतळाच्या पिंजऱ्यात झाडाखाली मोकळं सोडतो आणि पिंजरा रोज सरकवतो. एकदा सरकवायचा राहिला, तर नर खालून बोगदा काढून पसार! आम्ही तिघं अर्धा मळा पालथा घालतोय आणि हा तुझ्या आईच्या सुकुमाच्या पालेभाजीच्या वाफ्यात बसून जेवतोय. आता तो वेगळ्या कप्प्यात असतो. त्याचं नाव करीथी, कारण तो सारखा खातो. खऱ्या करीथीला हे अजून कळलेलं नाही. वामुयुला सांगू नकोस.

आणि मादीचं नाव. हे जरा सावकाश सांगतो. मी न्योकाबीला म्हटलं, तूच ठेव नावं. मनात होतं की ठेवेल काहीतरी, ढवळी, पवळी. तिने सशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ही गथोनी.”

तुझी आई हातातला वरवंटा खाली ठेवून आली. आपल्यात नाव असं वाटेल तिथे ठेवत नाहीत. ते माझ्या आईचं नाव. ती आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून ते तुला दिलं. त्या नावाने कुणी जन्मलं की जुनं माणूस परत आलं म्हणतात. आणि आता सशात? तुझी आई म्हणाली, “मी यांना जन्मभर ‘गथोनीचे बाबा’ म्हणत आले. आता लोक विचारतील, कुठल्या गथोनीचे?” आणि लोकांनी विचारलंच. चर्चच्या दारात करीथी मोठ्याने म्हणतो, “या, सशाचे बाबा!” मला वाटलं होतं, पुढेमागे एखादा ससा नाताळात पातेल्यात जाईल. तो विषय त्या क्षणी संपला. आईचं आणि मुलीचं नाव असलेला जीव कोण शिजवणार? नाव बदल म्हणणार होतो, पण न्योकाबीचा चेहरा बघून ते राहू दिलं. ते नाव तिने प्रेमाने ठेवलं नव्हतं. “ए गथोनी, जा, बस तिकडे कोपऱ्यात पाठ करून,” असं ती तिला म्हणायची. मला ऐकवत नसे.

आणि मग पिल्लं झाली! मादी एकदम गवत तोंडात गोळा करून पिल्लांसाठी ठेवलेल्या पेटीत नेऊ लागली, स्वतःच्या छातीचे केस उपटून अंथरू लागली, तेव्हा न्योकाबी शाळेत जायला तयार होईना. सहा पिल्लं, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची, माझ्या बोटाएवढी. मी टोपी काढून उभा राहिलो. पण मादी त्यांना केसांखाली झाकून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. दिवसभर तिकडे फिरकली नाही. न्योकाबी शाळेतून आली आणि बघतच राहिली. मग म्हणाली, “मला माहीतच होतं. गथोनी अशीच असते. पिल्लं टाकून जाते.”

आई चुलीकडे वळली. मी आभाळाकडे बघितलं. न्योकाबीने चिंधी आणली, वाटीत गाईचं दूध आणलं, “मीच पाजते, हिला काय पडलंय!” मलाही भीती वाटत होती, खरं सांगतो. पिल्लं मेली असती तर तिने तुझ्या नावावर काय लिहून ठेवलं असतं, कुणास ठाऊक. कसंबसं तिला थांबवलं, म्हटलं, सकाळपर्यंत वाट बघू.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धार काढायला निघालो तर ती आधीच जाळीपाशी उभी, माझा कोट पांघरून. तिने ओठांवर बोट ठेवलं. मादी पेटीत उडी मारून गेली, पिल्लांवर उभी राहिली. आतून चुकचुक आवाज यायला लागला. चहाला आधण येईपर्यंतसुद्धा नाही, तेवढ्यात झालं सगळं, आणि ती परत आपल्या कोपऱ्यात. आम्ही केस बाजूला करून बघितलं. सहाच्या सहा पोटं टम्म, गोल, आतलं पांढरं दूध दिसत होतं!

न्योकाबी थेट कुंपणाशी गेली. “करीथी आजोबा, ती दूध देते, मग जवळ का नाही बसत?”

करीथी दात घासत होता. “अगं, तिच्या अंगाला वास असतो, पिल्लांना नसतो. ती तिथे बसून राहिली तर मुंगूस वासावर सरळ येईल. लांब राहते म्हणून जगतात ती. तुझ्यापेक्षा शहाणी आहे.”

न्योकाबीने जाळीकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, “पण तिला बसावंसं वाटतं का?”

करीथीने चूळ भरली. सुकुमाच्या वाफ्यातून तुझी आई मान वर न करता म्हणाली, “वाटतं. नाहीतर अंगावरचे केस उपटून ठेवून कोण जातं?”

न्योकाबी दप्तर घेऊन शाळेत गेली. संध्याकाळी आली ती सगळ्यात कोवळा वेल तोडून घेऊन, आणि मादीला भरवताना मी ऐकलं, “खा गथोनी, तू खा, मी बघते त्यांच्याकडे.” मी गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. देवाला शब्द मागत होतो मी, आणि त्याने ससा पाठवला.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल जेवताना ती आपणहून म्हणाली, “पिल्लांचे डोळे उघडले की त्या रविवारी फोन मी घेणार. मीच सांगणार तिला सगळं. तुम्ही आधी सांगायचं नाही.” मी हो म्हटलं, आणि तो शब्द मोडून हे लिहितोय, कारण ती बोलायला लागली की तिच्या तोंडून पहिल्यांदा तुझंच नाव येईल. ती सांगेल, गथोनी पिल्लांना सोडून लांब बसते. माहीत नसताना ते तुझ्या कानावर पडलं असतं तर तू तिथे त्या परक्या घरात कोसळली असतीस, फोन खाली ठेवला असतास, आणि तिला वाटलं असतं की आपण बोललो म्हणून आई गेली. म्हणून आता, इथेच, हे पत्र हातात धरून काय रडायचं ते रडून घे. आणि त्या दिवशी तुला काहीच माहीत नाही असं दाखव. ती म्हणेल, गथोनी लांब बसते. तू फक्त विचार, मग पिल्लांची पोटं भरलेली असतात का गं? आणि ती काय उत्तर देते, ते ऐक.

दोन्ही गथोनींचा,
तुझाच
बाबा