इमुगीची कात, अडतीस टक्के

१४ ऑक्टोबर, मंगळवार

परत तेच आकडे. आमच्या ऑनलाइन खेळात रविवारच्या वेढ्यात शंभरातले एकसष्ट किल्ले इमुगींनी घेतले. गुमिहोंनी चोवीस. दोक्केबींनी पंधरा. तीन राक्षसजाती, तिघींना साधारण सारखं मिळायला हवं. हे बघायचा पगार मला नऊ वर्षं मिळतोय.

नवे संचालक बांगसाहेब पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीतून आलेत. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. गुमिहो, नऊ शेपटांची कोल्हीण, रूप बदलते. दोक्केबी, शिंगवाला, गदा आपटून जमीन हादरवतो. इमुगी, म्हणजे ड्रॅगन व्हायचं राहून गेलेला अजगर, मेला की एकदा कात टाकून परत उठतो.

"मरून उठतो? मग मेला कशाला म्हणायचं?" बांगसाहेब.

"अर्धमेला उठतो, साहेब," माझ्या हाताखाली राक्षसजाती पाहणारा प्यो म्हणाला. "तीस टक्केच जीव असतो. बाकीच्यांनी तेवढ्यात उरकायचं."

"मग उरकत का नाहीत?"

प्यो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तपासते.

दादाला जाऊन आज पंचवीस दिवस.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जेवायला कालगुक्सू, गरम सूपमधले नूडल्स. प्यो जेवताना फोनवरून खेळाडूंच्या शिव्या मोठ्याने वाचतो. त्याची सवयच आहे. म्हणतो, एकट्याने वाचल्या की लागतात, चारचौघांत वाचल्या की हसू येतं.

"'इमुगी घ्या आणि झोपून खेळा, जागे व्हाल तेव्हा जिंकलेले असाल.' हे बरंय. 'दोक्केबी आता गदा विकून भजी तळतोय.' हेही बरं. आणि हे बघा, माझ्यावर — 'त्या प्योच्या घरात नक्की इमुगी पाळलेला असणार!'"

सगळे हसले. मी नूडल्स खाली ठेवले, गरम आहेत म्हणून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दादाचा चौथा सातवा; एकोणपन्नास दिवस दर सातव्या दिवशी देवळात त्याच्या नावाने प्रार्थना असते. आईचा देवळातून फोन. सकाळच्या बसने गेली होती. "भिक्खूंनी आज नाव नीट घेतलं. गेल्या खेपेला 'इनगी, इनगी' करत होते. मी म्हटलं, इनगू! आडनाव टाक, नाव इनगू! भलताच कोणीतरी पुढच्या जन्माला जायचा!"

मग म्हणाली, तू जेवतेस ना?

जेवते म्हटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

लिहून टाकते. इथे नाही लिहिलं तर कुठेच नाही.

मीच केलंय ते.

एप्रिलच्या शेवटी इक्सानच्या इस्पितळात दादाला भेटायला गेले होते. मांडीवर लॅपटॉप, नाकात नळी. अकरा वर्षं हा खेळ खेळत होता तो, पहिल्यापासून इमुगी. त्याचं खेळातलं नाव 'सुका बाकदे', आमच्या गुन्सानचा वाळवलेला मासा. मी या कंपनीत लागले तेव्हा म्हणाला होता, "आता घरात खेळाचा विषय बंद. पंच घरात नको." त्यानंतर खरंच एक शब्द नाही. ना कधी विचारलं, ना मागितलं.

त्या दिवशी मी मागे उभी राहून बघत होते. औषधाने बोटं बधिर झालेली. कळ दाबायची हे कळायचं, बोट मागाहून पोचायचं. पंधरा मिनिटांत तीनदा मेला. कात टाकून उठायचा आणि उठल्या उठल्या मरायचा. टोळीतला कोणीतरी लिहीत होता, "काका, झोपलात का?"

माझी चाहूल लागली तसा हसला. "व्हॉल्व्ह चोक झालाय," म्हणाला. बॉयलर दुरुस्त करणारा माणूस, त्याला सगळीकडे व्हॉल्व्हच दिसायचे. लॅपटॉप मिटला आणि सफरचंद सोलायला घेतलं. तेही हातातून सुटलं.

२२ मे, गुरुवार, सर्व्हरच्या देखभालीचा दिवस. बदलांच्या यादीत मी एक ओळ सरकवली. कातीनंतरचा जीव तीसचा अडतीस. आठ टक्के. म्हणजे साधारण दीड सेकंद जास्त. त्याच्या बोटांना तेवढा वेळ पुरला असता. वर नाव दिलं 'वाक्यदुरुस्ती'. टीमचं सामाईक खातं वापरलं. खेळाडूंना दिलेल्या सूचनेत काहीच नाही.

अशा गुपचूप बदलाला आमच्याकडे पाणबुडी म्हणतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच सांगते — काहीही करा, पाणबुडी सोडू नका. खेळाडू हरणं सहन करतात. न सांगता हरवणं सहन करत नाहीत.

वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. मग परत तीस करू. चार महिने झाले. तो गेला. परत तीस करायला हात गेला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

प्योने शोधून काढलं.

बैठकीत पडद्यावर ती ओळ. २२ मे. वाक्यदुरुस्ती. ३० च्या जागी ३८. मोठ्या अक्षरांत फार विचित्र दिसत होती.

"पाणबुडी कोणी सोडली?" बांगसाहेबांनी हा शब्द एवढ्यातच उचललाय. "त्या आठवड्यात यादी बांधायची पाळी कोणाची होती?"

"माझी," प्यो म्हणाला. "पण हे मी केलेलं नाही."

"तूच बांधलीस, तूच शोधलीस, आणि तू केलं नाहीस?"

"केलं असतं तर शोधलं कशाला असतं, साहेब?"

"पकडला जाण्याआधी चांगलं दिसायला! पुढच्या बुधवारपर्यंत मला नाव पाहिजे. नाव नसेल तर तुझं धरीन. करार डिसेंबरमध्ये संपतोय ना तुझा?"

प्योने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी त्याची बाजू घेईन. मी म्हटलं, अजून थोडं तपासू या.

थोडं तपासू या!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाचवा सातवा. आईला फोन केला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

प्यो आज शिव्या वाचत नव्हता. कालगुक्सू समोर, गार होत चाललेलं. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर. मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा, तुम्हालाही वाटतं का मी केलं असेल?"

"नाही."

"एवढं ठामपणे? मग बैठकीत का नाही बोललात?"

"माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार," एवढंच म्हणाले. त्याला ते कौतुक वाटलं. थँक्यू मॅडम म्हणाला.

हे लिहितानाही लाज वाटतेय.

कशाला अडून बसलेय मी? नोकरीची भीती आहे, पण ती एवढी नाही. सांगितलं की आकडा परत तीस होणार. दादासाठी मी आयुष्यात फार काही केलं नाही. कॉलेजची फी त्याने भरली. आई-बाबांकडे तो राहिला. मी सोलला निघून आले. हे एक केलं होतं. खोटं होतं, पण केलं होतं.

पण दोक्केबी खेळणारे सोडून चाललेत. मेपासून दर तिघांतला एक गेला. तीही माणसंच. त्यातही कोणाची बोटं चालत नसतील.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी साडेनऊला बांगसाहेबांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले. बसले नाही.

"पाणबुडी माझी आहे."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग: "कोणासाठी?"

"एका खेळाडूसाठी."

"कोण?"

"माझा भाऊ. सप्टेंबरमध्ये वारला."

"त्याला किती फायदा झाला?"

"माहीत नाही. बघितलं नाही. घरच्यांची खाती उघडून बघायची नाहीत असा नियम आहे."

"तो नियम पाळलात!"

मी मान खाली घातली. त्यांनी कपातलं पाणी प्यायलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, माझी आई गेली तेव्हा मीही बरंच काय काय केलं. पण दोन लाख माणसांच्या अंगावर नाही केलं."

बरोबर आहे.

बाहेर आल्यावर प्योला सांगितलं. कॉफीच्या यंत्राजवळ. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं.

"काल तुम्ही माझ्यासमोर बसून कालगुक्सू खाल्लंत, मॅडम."

"हो."

"मी थँक्यू म्हटलं तुम्हाला!"

"हो."

निघून गेला. कॉफी यंत्रातच राहिली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं. सहा तारखेच्या देखभालीत परत तीस. सूचना मीच लिहायची. मग १ डिसेंबरपासून मी मजकूर विभागात. म्हणजे खरोखरचीच वाक्यदुरुस्ती! बांगसाहेबांनी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. प्योचा करार वाढवलाय.

सूचनेत 'तांत्रिक चूक' लिहा म्हणाले. तसा मसुदा केला, मग खोडला. शेवटी असं: '२२ मे रोजी इमुगीचा कातीनंतरचा जीव सूचना न देता वाढवला गेला. ही यंत्राची चूक नव्हती, माणसाची होती. राक्षसजाती पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा यात काहीही संबंध नाही. तीस टक्के पूर्ववत करत आहोत.'

बांगसाहेबांनी दोनदा वाचलं. "वकील ओरडतील," म्हणाले. पण सही केली.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्यो जेवायला दुसऱ्या टेबलावर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहाला सर्व्हर बंद. आकडा मीच बदलला, मीच बदलते म्हणून सांगितलं होतं. आठ खोडला, शून्य टाकला. मग तीनही बदलला गेलाय असं वाटून परत तपासलं. एका मिनिटाचं काम.

दहाला सर्व्हर सुरू. सव्वादहापासून खेळाडूंच्या चर्चामंडळावर काळ्या फिती. कोणतीही जात दुबळी केली की खेळाडू तिला 'गोइन' म्हणतात, कैलासवासी. मग तिचं मयत मांडतात. नेहमीचाच चेष्टेचा प्रकार. आज इमुगीचं मांडलं. काळ्या चौकटीत अजगराचा फोटो, दोन्हीकडे पांढरी शेवंती. खाली ओळीने सगळे:

'कैलासवासी इमुगीच्या आत्म्यास शांती लाभो.'

'फार चांगला होता हो. झोपेतही जिंकायचा.'

'युकगेजांग कुठे वाढताहेत? भात संपला का?'

'दोक्केबी समाजातर्फे एक गदा अर्पण.'

नऊ वर्षांत अशी किती मयतं मी बघितलीत. काही विनोद तर फार चांगले असतात. आज शेवटपर्यंत वाचलं. चौदा पानं. शेवंतीचा तो फोटो खरा होता, कुठल्या तरी खऱ्या मयतातून उचललेला. आमच्याकडेही तशीच मांडणी होती. दादाच्या फोटोखाली मी तीन दिवस बसले होते आणि लोकांना युकगेजांग, मयताला असतो तो तिखट रस्सा, वाढला होता. तेव्हा कोणीतरी असं काही बोललं असतं तर बरं झालं असतं. तोच पहिला हसला असता.

प्यो टेबलाशी आला. उभाच राहिला. "मॅडम, ते गदा अर्पण — ते मी लिहिलंय," म्हणाला.

"चांगलं आहे."

"जेवायला चला."

एक गोष्ट मात्र कोणी तीस करू शकत नाही. चार महिने का होईना, त्याला दीड सेकंद जास्त मिळाला. कात टाकून उठल्यावर लगेच मरावं लागलं नाही. चोरीचा होता, मान्य. पण मिळाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकोणपन्नासावा दिवस. देऊळ. आई, वहिनी, मी. थंडी पडायला लागलीय. भिक्खूंनी नाव एकदाही चुकवलं नाही. दादाचा कामाचा जाडा कोट आवारात जाळला. खिशात पाना राहिला होता, वहिनीने आधी काढून घेतला.

आई रडली नाही. "गेला आता," म्हणाली. "चांगल्या घरी जाईल. दुरुस्तीची कामं येतात त्याला."

जेवताना वहिनी म्हणाली, "त्यांचं ते खेळाचं खातं बंद करायला अर्ज केलाय. मृत्यूचा दाखला जोडला. तुमच्याच कंपनीला, पण तुम्हाला कशाला त्रास म्हणून सांगितलं नाही."

बरं केलंत म्हटलं. घरी येताना बसमध्ये झोप लागली. बऱ्याच दिवसांनी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वहिनीने फोनवर फोटो पाठवला. खातं बंद करताना कंपनी घरच्यांना सगळी नोंद देते. "यातलं मला काही कळत नाही, तुम्ही बघा," असं खाली.

२३ मे. सुका बाकदे यांची तक्रार: 'कालपासून इमुगी कात टाकल्यावर जास्त वेळ जगतोय. सूचनेत काही नाही. दाब वाढलाय आणि काट्यावर दिसत नाही, असं झालं तर आम्ही आधी बॉयलर बंद करतो. मी स्वतः इमुगीच खेळतो. कृपया पहिल्यासारखं करा.'

उत्तर: 'तपासले. सर्व ठीक आहे.' त्या आठवड्यातल्या चाळीस तक्रारींना हेच उत्तर होतं. मंजुरी माझी.

२४ मेपासून शेवटपर्यंत निवडलेली जात: दोक्केबी. वेढे चौदा. जिंकलेला एक.